अप्पांनी आरसा झाकला

दुपारचे अडीच वाजलेत. कॉलेजच्या मीटिंगरूममध्ये मी एकटीच बसलेय, हातात कॅमेऱ्याचा रिमोट. तीन वाजता समोरच्या मोठ्या पडद्यावर नागपूरचे परीक्षक येणार आणि माझ्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घेणार. गडहिंग्लज भागातल्या जुन्या विहिरींवर नऊ वर्षं घालवलीत मी, आणि वय झालंय त्रेपन्न. विहिरी तोंडपाठ आहेत. धास्ती आहे ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनाची, ज्यात मी स्वतः दिसते. सकाळी सरावाच्या वेळी टिकली कलती वाटली म्हणून सरळ करायला गेले, तर ती आणखीच कलली. मग त्या चौकोनातल्या बाईकडे बघत बसले आणि बोलायचंच विसरले. आता एसी गार लागतोय. डोळे जड झालेत. जरा मागे टेकते.

"कुठं बघायलीस?"

अप्पा. माझे वडील. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि आजही अंगात तोच हाफ शर्ट आहे, खिशात गिऱ्हाइकांसाठीचा कंगवा. मला इतका आनंद होतो की उठायचंही सुचत नाही.

"स्वतःकडं," मी खरं ते सांगते. "ही मी वाटतच नाही हो अप्पा. भांगसुद्धा भलतीकडं दिसतोय."

"सगळी हेच म्हणायची. फोटो हातात पडला की, हा मी न्हवं. आरशातलं उलटं तोंड बघायची सवय असते माणसाला. शेजाऱ्याला दाखीव, तो लगेच ओळखतोय."

ते रिमोट घेतात, एक बटण दाबतात. टेबलावरचा कॅमेरा मान वळवतो आणि अप्पा हरखून जातात.

"मान फिरवतंय की गं. आणि जवळ कसं आणायचं?"

मी झूम दाखवते. माझं नाक एवढं वाढतं की पडद्यात मावत नाही. आम्ही दोघं पोट धरून हसतो.

टेबलापलीकडे आता तळं आणि हंस रंगवलेला स्टुडिओतला पडदा आहे. त्याच्या मागून पायऱ्या खाली उतरतात, ओल्या, दगडी. पायऱ्यांवर पावडर लावून गिऱ्हाइकं रांगेनं बसलीत आणि सगळी खालच्या पाण्यात आपापलं तोंड बघतायत.

"आरसा बघून झाला?" अप्पा विचारतात. फोटो काढण्याआधी ते प्रत्येकाला हे विचारायचे आणि मग स्टुडिओतल्या आरशावर काळं फडकं टाकायचे. आरसा उघडा राहिला की गिऱ्हाइकाची नजर तिकडेच पळायची आणि फोटो वाया जायचा. तेच फडकं ते आता पडद्याच्या कोपऱ्यावर टाकतात. मी दिसेनाशी होते.

"मग मी कशी दिसते ते कसं कळणार?"

"ते बघायला मी आहे. तू हितं बघ, भिंगात. आणि सांग मला, काय एवढं आहे त्या विहिरींत?"

मी सांगायला लागते. कुठल्या विहिरीला आत खोली आहे, कुठली कुणा विधवेनं बांधली, कुठल्या पायरीवर गवंड्यानं स्वतःच्या हाताचा पंजा कोरलाय. शब्द आपणहून येतायत, थांबावंसं वाटत नाही. अप्पा मान डोलावतात. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यांच्या मागे सुरू केलं मी सगळं.

"तुम्ही असता तर विहिरींचे फोटो तुमच्याकडूनच काढून घेतले असते," मी म्हणते आणि मला रडू येतं.

"मग तुझा काढतो की. हालू नको."

ते भिंगाशी वाकतात, हाऽ करून त्यावर श्वास सोडतात आणि पुसायला खिशातला रुमाल शोधू लागतात.

"मॅडम, आवाज येतोय का माझा?"

मी दचकून सरळ बसते. पडद्यावर पिकल्या केसांचे परीक्षक आलेत. कोपऱ्यात मी आहे, डोळे ओले, टिकली तशीच. मी रिमोटवरचं बटण दाबून तो चौकोन बंद करते आणि भिंगाकडे बघते.

"येतोय सर. नमस्कार."

"नमस्कार. तुम्ही जरा धूसर दिसताय. कॅमेऱ्यावर काही आहे का बघा."

भिंगावर वाफेचा गोल आहे, रुपयाएवढा, कडेनं विरत चाललेला. माझा हात पदराकडे जातो, पण पुसवत नाही.

"जाईल ते आपोआप," मी म्हणते. "तुम्ही विचारा, सर."