आवाज बंद करायचं बटण

घरून ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा आवाज बंद करायला मी लोणच्याच्या रिकाम्या डब्यावर बेलचं बटण बसवून कॉम्प्युटरला जोडलं. साहेब सगळ्यांसमोर झापायला लागले की त्यावर दाणकन मूठ हाणायची आणि मान खाली घालून तोंडाला येईल ती शिवी घालायची. पलीकडे काहीच ऐकू जात नसे. वाटायचं, कुणालाही न लागता राग जिरतोय.

आज झाकणाला तडा गेलेला दिसला. एवढा जोर होता माझ्या हातात? राग जिरत नसावा. जे जवळ असेल त्यावर निघत असावा.

तेवढ्यात रोज माझ्या शेजारी बसून अभ्यास करणारी लेक वही दाखवायला आली. तिच्या कपाळावरचे केस सारखे करायला मी हात उचलला, तर तिने डोळे घट्ट मिटले.

"बाबा, मी काहीच बोलले नाही."