फ्रिजमधला हात

आमच्या शारजातल्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी एक हात आहे. मेणाचा, उजवा, मनगटापर्यंत. पाहुणे पाण्याची बाटली काढायला जातात आणि किंचाळतात. मुलगी म्हणते, "मम्मा, धिस इज सो क्रीपी." मी तिला सांगते, बाई गं, हा हात चीनला जाऊन आलाय, तू अजून गेली नाहीस, जरा मान दे त्याला.

हात नवऱ्यासाठी आणला होता. नवरा दुबईतल्या एका हॉटेलात बारटेंडर. राहायचं दारूबंदीच्या शारजात आणि जगाला पाजायची पलीकडे दुबईत जाऊन, असा आमचा पवित्र संसार. गेल्या वर्षी त्याला स्ट्रोक आला. पाय सावरला, जीभ तर दुसऱ्याच दिवशी सुरू झाली, ती कधी बंद असते म्हणा. उजवा हात मात्र रुसला. बोटं हलायची, पण मूठ वळेना. भाताचा चमचा डाव्या हाताने जमायला लागला, पण शर्टाची बटणं मीच लावायची, मनगटाचीसुद्धा. मी बटणं लावत असले की तो छताकडे बघत राहायचा. चोवीस तास बडबड करणारा माणूस तेवढा वेळ गप्प असायचा आणि ते मला सहन व्हायचं नाही.

हॉटेलच्या एचआरवाल्या बाईने "टेक युवर टाइम" म्हणून गोड मेसेज पाठवला आणि पाठोपाठ तारीख कळवली. त्या दिवशी हात दाखवायला या. हात चालला तर नोकरी. नाही चालला तर व्हिसा कॅन्सल, खलास, सामान बांधा आणि वसई गाठा. वसई वाईट नाही हो. पण तिथे हा माणूस ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत म्हातारा होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग उपाय सुरू झाले. नणंदेने वसईहून येताना मेणाचा हात आणला. आम्हा ख्रिस्ती लोकांत वांद्र्याच्या डोंगरावरच्या माऊलीला असे नवस करतात. गुडघा दुखला तर मेणाचा पाय, घर हवं तर मेणाचं घर, गल्फची नोकरी हवी तर मेणाचं विमान. सासूबाईंनी विमान वाहिलं होतं, म्हणून तर आम्ही इथे अडकलोय. नणंद म्हणाली, "दुखऱ्या हाताला लाव आणि सुट्टीत आलीस की माऊलीला वाहा." मी ती पिशवी गाडीत विसरले. ऑगस्ट महिना, उघड्यावरचं पार्किंग. संध्याकाळी बघते तर मेणाची बोटं आत वळून छान मूठ झालेली. नवऱ्याची वळत नाही, मेणाची वळली. देव ऐकतो, पण पत्ता चुकतो.

नवऱ्याचा उपाय वेगळाच. आमच्या बिल्डिंगमधल्या एक चिनी बाई सकाळी बागेत ताय-ची शिकवायच्या. हा त्यांच्यामागे उभा राहून हवेतल्या हवेत भिंती पुसायला लागला. बाईंनी कधीतरी सांगितलं की हे सगळं वुडांगच्या डोंगरावरून आलं. ताओ पंथाचा पवित्र डोंगर, शेकडो वर्षांची देवळं, तलवारी फिरवणारे साधू. झालं! याने फोनवर व्हिडिओ बघून बघून माझं डोकं उठवलं. लोक आजारपणात वेलंकणीला जातात, हा ख्रिस्ताचा भक्त वुडांगला निघाला. एकट्याला सोडणार कशी? गेले मीही. आणि निघताना गुपचूप मेणाचा हात पिशवीत टाकला. डोंगर तो डोंगर. माऊलीने आजवर कुणाचा पासपोर्ट बघितलेला नाही.

डोंगर सुंदर आहे, उगाच खोटं कशाला बोलू. लाल भिंती, हिरवी कौलं, खाली नुसतं धुकं. पण पवित्र ठिकाण कुठलंही असो, रांग, उकडलेलं कणीस आणि ढकलाढकली सगळीकडे सारखीच. केबल कारच्या रांगेत एका आजीने मला असं कोपराने सारलं, की कुंग-फू म्हणजे काय ते मला तिथेच कळलं.

एका जुन्या देवळाच्या अंगणात गुरुजी पोरांना तलवार शिकवत होते. डोक्यावर अंबाडा, त्यात लाकडी काडी, छातीपर्यंत दाढी. ते चिनी बोलायचे आणि त्यांच्या फोनमधून एका लाडिक बाईच्या आवाजात इंग्रजी यायचं. फोनमधल्या बाईने विचारलं, तुम्ही काम काय करता? नवरा खूश. त्याने डाव्या हाताने हवेतला कॉकटेलचा शेकर असा काही हलवला की तलवारीवाली पोरं टाळ्या वाजवायला लागली. गुरुजी हसले. त्यांनी आपली स्टीलची पाण्याची बाटली उचलली आणि याच्या उजव्या हातात दिली.

ती हातात राहिलीच नाही. निसटली आणि दगडी पायऱ्यांवरून खणखणत खाली गेली, वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावरही ऐकू येत होती. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीही हसलं नाही.

नवरा पायरीवर बसला. "खलास," म्हणाला. "वसईला जाऊ, मॅडम." लग्नापासून तो मला चेष्टेने मॅडम म्हणतो. त्या दिवशी त्यात चेष्टा नव्हती.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. त्याला तिथेच बसवून मी तरातरा वरच्या देवळात गेले. आत देव बसलेला, काळी दाढी, मोकळे केस, अनवाणी. पायाशी कासव आणि साप. म्हटलं, वा, ओळख निघाली. साप आमच्या मरीयामातेच्या पायाखाली असतो आणि कासव शेजाऱ्यांच्या देवळात. पिशवीतून हात काढला आणि तिथल्या दिव्यावर पेटवायला गेले, तर एक म्हातारे साधू धावत आले. इथे फक्त उदबत्ती, मेण नको, असं हातवाऱ्यांनी सांगायला लागले.

मग मात्र माझा तोल गेला. त्यांना आणि त्यांच्या देवाला मी शुद्ध मराठीत झापलं. "एवढ्या लांबून आलोय आम्ही! तीस वर्षं त्या हाताने लोकांना पाजलं, स्वतः एक थेंब घेतला नाही, आणि नेमका तोच हात? लाज नाही वाटत?" साधूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मेणाचा हात उलटसुलट करून नीट बघितला, देवापुढचं एक सफरचंद उचलून त्या वाकड्या बोटांत बसवलं आणि सगळं मला परत दिलं.

खाली आले. नवरा म्हणाला, "कुठे गेली होतीस?" म्हटलं, "भांडायला." त्याने हात बघितला. "याची मूठ बरी वळते की गं," म्हणाला आणि हसायला लागला. मग मीही हसले. सफरचंद आम्ही तिथेच खाल्लं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा अंगणात गेला, गुरुजींनी पुन्हा बाटली दिली, ती पुन्हा पडली. आम्ही होतो तोवर रोज पडली. परत आल्यावर घरातही पडत राहिली. खालच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, की तुमच्याकडे काही काम चाललंय का.

मग हॉटेलची तारीख उगवली. मी किचनमध्ये चहा गाळत होते, तर हा दारात येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, एक बाजू वर, एक बाजू खाली, कॉलर कानाशी गेलेली.

"अरे, काय हा अवतार!" मी ओरडले. "सगळी बटणं एकेक घर चुकलीयेत. त्या एचआरवाल्या बाईसमोर असा जाणार? ये इकडे."

मी कॉलर धरली आणि थांबले. आज मी त्याला हात लावलाच नव्हता. पण पुढची बटणं काय, माणूस डाव्या हातानेही ओढूनताणून लावेल. म्हणून मी खाली त्याच्या डाव्या मनगटाकडे बघितलं. तिथलं बटण लावलेलं होतं. ते डाव्या हाताने लागत नाही.

तो छताकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मी कॉलर सोडली.

"तसाच जा," मी म्हटलं. "नीघ, यल्ला."