आठ पेट्यांची हजेरी

जामसंड्याजवळच्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यातलं ते काम मी पहिल्यांदाच एकटीनं घेतलं होतं. कारखाना टेकडीच्या उतारावर पसरलेला. त्यातल्या आठ खोल्यांमध्ये तापमान मोजणाऱ्या आठ पेट्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच केबलनं जोडून ऑफिसातल्या पडद्यावर आणायच्या होत्या.

मदतीला तिथले जुने वायरमनकाका होते. त्यांना ते पटेना.

"गो बाय, एका वायरीत आठ जणी बोलतले? गोंधळ होतलो!"

"नाही काका. ऑफिसातून एकेकीचा नंबर पुकारतात. जिचा नंबर, तीच बोलते. शाळेतल्या हजेरीसारखं."

"म्हणजे आमच्या ग्रामसभेपेक्षा बऱ्या!"

दुपारपर्यंत आम्ही एका पेटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं करत शेवटच्या पेटीपर्यंत पोचलो. ती आढीच्या खोलीत होती. तिथं जमिनीवर गवत पसरून आंबे पिकत घातलेले. वासानंच डोकं हलकं झालं होतं. केबलच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर लावायचा होता, भाताच्या दाण्याएवढा, अंगावर रंगीत पट्टे असलेला. तो नसला तर टोकाला गेलेला संदेश तिथं आपटून उलटा फिरतो.

"खडकार आपटलेली लाट परत येता, तशी?" काकांनी विचारलं.

मला इतका आनंद झाला, की ओठांत धरलेला रेझिस्टर विसरून मी जोरात "अगदी तशीच!" म्हणाले. रेझिस्टर सटकला आणि गवतात नाहीसा झाला.

मी दोनच आणले होते. एक पहिल्या टोकाला बसलाही होता. त्याच्याशिवाय चालू करून पाहिलं, तर सातवी-आठवी पेटी मध्येच हजर, मध्येच गायब.

"खंय पडलो?" आंबे निवडणाऱ्या बायका गोळा झाल्या. मी खाणाखुणा सांगितल्या. मग सहाजणी, काका आणि मी गुडघ्यांवर बसून आंबे बाजूला सारत गवताची काडी न् काडी चाळू लागलो. कुणीतरी फिसकन हसलं, की सगळ्या हसत सुटायच्या. अर्ध्या तासानं एक मावशी ओरडली, "गे बायांनो, पट्ट्यांचो किडो गावलो!"

तो बसवला आणि पायरी न बघता ऑफिसकडे पळाले. पडद्यावर आठही आकडे होते, एकही लुकलुकत नव्हता. मी काकांना फोनवर किंचाळून सांगितलं. पाच मिनिटांत मावशींसकट सगळ्या ऑफिसात.

"आमका कसा कळतला ह्या खरा?" मावशीनं विचारलं.

"जाऊन तीन नंबरच्या थंड खोलीचं दार उघडा."

ती धावली. आकडा चढायला लागला आणि ऑफिसात एकच गिल्ला झाला. मग प्रत्येकीला एकदा दार उघडून बघायचं होतं. काकांनी दोनदा उघडलं.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. "हे काय चाललंय? खोलीचं तापमान वाढतंय!"

"पडद्यावर दिसतंय ना, साहेब?" मी म्हणाले. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "थांबा. मी उघडून येतो. कुणीतरी आकडा बघा."