मास्तरीणबाईंचं मागणं

मास्तर बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटायचं, आता थांबले तर बरं. शिंपीकामात हात धरणारं कुणी नव्हतं, पण जीभ कात्रीहून धारदार. मापाला उभं राहिलेलं गिऱ्हाईक पोट आत ओढून धरायचं आणि मास्तर म्हणायचे, "सोडा, सोडा! जेवताना काय बटणं काढून ठेवणार आहात?" असा माणूस एका सकाळी कापड बेतता बेतता खुर्चीवरून कलंडला. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईलही. सांगता येत नाही. वाट बघा." वाट बघा म्हणायला कुणाचं काय जातं!

मास्तरीणबाई वाट बघू लागल्या. त्याआधी काजं करणं, बटणं लावणं आणि नवऱ्याचं तिरकस बोलणं पोटात घालणं, एवढंच त्यांचं काम होतं. आता कात्री हाती घ्यावी लागली. रोज सकाळी त्या मास्तरांना दुकानाच्या खिडकीशी बसवत, मानेमागे उशी देत आणि शटर उचलण्याआधी मशीनवर हात ठेवून डोळे मिटत. मागणं एकच असे. "देवा, त्यांनी मला एकदा 'अगं' म्हणू दे. पुढचं मी बघून घेईन."

जन्मभर याच हाकेनं त्या वैतागल्या होत्या. अगं, दोरा कुठंय. अगं, चहा. अगं, ऐकतेस का. आता तेवढ्यासाठी त्यांचे कान आसुसले होते.

वर्षांमागून वर्षं गेली. कॉलर रुंद झाल्या, अरुंद झाल्या, पुन्हा रुंद झाल्या. मास्तर गप्प ते गप्पच. बाई काही संत नव्हत्या. कधी कधी देवावर इतक्या चिडायच्या, की डोळे मिटून नुसत्या फुगून बसायच्या. पण बसायच्या.

नणंद भावाला बघायला आली की तिचा जीव तुटायचा. मग ती वहिनीवरच घसरायची. "वहिनी, किती दिवस हे? देवाला ऐकायचं असतं तर एव्हाना ऐकलं असतं त्यानं."

"वन्सं, गिऱ्हाईक रोज येऊन विचारतं, झाला का सदरा? म्हणून काय तो लवकर होतो?"

"आणि शिंपी दुकान बंद करून पळाला असेल तर?"

ते बोलणं बाईंना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्या मशीनपाशी जास्त वेळ बसल्या.

मग एकदा अंगात ताप असताना त्यांनी एक कोट शिवायला घेतला. कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं. डोकं ठिकाणावर नव्हतं. डावी बाही उजवीकडे बसली, उजवी डावीकडे, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. इस्त्रीआधी बघावा म्हणून त्यांनी कोट खिडकीच्या उजेडात धरला. मास्तरांची नजर त्यावर पडली. भुवई चढली. ओठ वाकडे झाले, थरथरले.

"उसव," मास्तर म्हणाले.

बाईंनी आधी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. मग मास्तरांकडे बघितलं. रडत रडत त्यांनी दोन्ही बाह्या उसवल्या. टाका दिसत नव्हता, तरी उसवल्या. नणंदेला निरोप गेला. ती धापा टाकत आली.

"काय म्हणाला दादा?"

"उसव."

"एवढी वर्षं तोंड मिटून बसला, आणि शेवटी हेच?" नणंद हसायला लागली, आणि हसता हसता वहिनीच्या गळ्यात पडून रडली.

आता 'अगं' फार लांब नाही, असं बाईंना वाटलं. आणि त्या मुद्दाम चुका करू लागल्या. कधी कॉलर उलटी लावायच्या, कधी खिसा वाकडा, कधी काजं बटणांच्या जागी. मास्तरांसमोर धरायच्या. "बघा ना, अहो, कसं केलंय मी. बोला की काहीतरी!" मास्तर भिंतीकडे बघावं तसे त्या कपड्याकडे बघायचे. मग बाई एकट्याच बसून सगळं उसवायच्या आणि नीट शिवायच्या.

पुढच्या थंडीत मास्तर गेले. 'अगं' म्हटलंच नाही त्यांनी. बाईंना वाटलं, आपण मागायलाच चुकलो.

सगळे पांगल्यावर नणंदेनं हळूच विचारलं, "वहिनी, देवावर रागावलीस?"

"रागावले तर! का रागावू नको?" बाईंचा आवाज फाटला. "पण अबोला कसा धरू, वन्सं? इतकी वर्षं या घरात मी दुसऱ्या कुणाशी बोलले?"

दुसऱ्या दिवशी बाई सवयीनं उशी घेऊन खिडकीशी गेल्या. खुर्ची रिकामी होती. उशी पोटाशी धरून त्या मशीनपाशी बसल्या. डोळे मिटून म्हणाल्या,

"देवा, ते आता तुझ्याकडे आलेत. वाचा आली असेल त्यांना. तिरकस बोलतील, मनावर घेऊ नकोस. आणि मला हाक मारली, तर सांग त्यांना, येतेय म्हणावं. तोवर थांबते मी इथं."