बाबांनी मुंबईहून आणलेला दरवाजा

मंडळी, दुपारपासून मी स्वतःच्याच घराच्या दरवाजासमोर खुर्ची टाकून बसलोय.

पुलगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला राजवाड्याला शोभेल असा कोरीव दरवाजा आहे. ब्याऐंशी साली बाबा मुंबईची गिरणी सोडून कायमचे परतले, तेव्हा त्यांनी तो रेल्वेनं सोबत आणला.

आज वाळवी दिसली म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं मागची एक फळी काढली आणि हाक मारली, "भाऊ, अथी काईतरी लिवलं आहे."

पेन्सिलीनं, बाबांच्याच अक्षरात होतं: "स्टुडिओ विकला. नव्या मालकाले सेट नाई, जागा पाहिजे. हा दरवाजा म्या केला. जाळू नाई देनार."

स्टुडिओ? माझे बाबा गिरणीत होते ना?

आई अंगणात शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सिनेमातल्या सुताराले माह्या बापानं पोरगी देली नसती. म्हून गिरणी सांगितली. मले बी दरवाजा आला तवाच समजलं."

चाळीस वर्षं! दोघांनी मिळून!

आणि मग आठवलं. कधीच सिनेमा न पाहणारे बाबा, आम्ही टॉकीजमधून आलो की एवढंच विचारायचे, "दरवाजे कसे होते रे?"

आम्ही पोट धरून हसायचो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या घरीही कुणी असलं काही विचारत असेल, तर हसू नका. आम्ही एकदाही विचारलं नाही, "काऊन विचारता जी, बाबा?"