हसू नका, पंचनामा आहे

अतिवृष्टीच्या पंचनाम्याला तलाठ्यासोबत आमच्या गावचा कोतवाल यायचा. मोबाइलवर फोटो काढायचं काम त्याचं. सडलेल्या सोयाबीनमध्ये तो शेतकऱ्याला उभं करायचा आणि लग्नातल्या फोटोग्राफरसारखा एक डोळा मिटायचा. फोटो म्हटला की माणूस आपसूक हसतो, आणि तिथंच याचं डोकं फिरायचं. "हसू नका भाऊ! सरकार पाहून राह्यलं." मागच्या साली मी भांग पाडून गेलो, तर त्यानं स्वतःच्या हातानं माझे केस विस्कटले.

यंदा नाल्यानं त्याचंच वावर खरडून नेलं. होतं तेवढं सगळं. त्यानं मोबाइल माझ्या हाती दिला आणि चिखलात जाऊन उभा राहिला. मी एक डोळा मिटला.

"हसू नका भाऊ, सरकार पाहून राह्यलं."

त्याला जे हसू फुटलं, ते आवरेचना. चार फोटो बाद झाले. तलाठीसाहेब चिडले. पाचव्याला तो गर्रकन वळला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"काढ बे आता," तो तसाच म्हणाला. "नुकसान वावराचं झालं. सरकारले माह्यं तोंड काऊन पाह्यजे?"