भिंतीकडे तोंड

लिफ्टच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. दोन मजल्यांमध्ये अडकलेला माणूस काहीही बोलतो, आणि ते आमच्यापाशी साठत जातं. पण माझ्याकडचे खरे किस्से परळच्या आमच्या गाळ्यातले, तात्या मिस्त्रींचे. मी त्यांचा हेल्पर. आता मीही म्हातारा झालो, तरी हेल्परच.

*

लिफ्टचा ब्रेक गाळ्यात आणून टेबलावर बसवायचा, ही तात्यांची रीत. ब्रेकचा नट आवळताना शेवटचा पाव फेरा आला की म्हणायचे, "बबन्या, भिंतीकडे तोंड." मी फिरायचो. समोर कुठल्यातरी जुन्या लिफ्टची पितळी पाटी होती. ती तात्या रोज सकाळी स्वतः चिंचेने घासत. मला हात लावू देत नसत.

*

आपलं काम दुसऱ्या मिस्त्रीला उघडता येऊ नये म्हणून तात्यांनी तिकोनी डोक्याचे स्क्रू बनवून घेतले होते. पाना एकच, त्यांच्या खिशात. एकदा लालबागला मशीनचं झाकण घट्ट बसवलं आणि पाना खिशात टाकायला गेले, तर तो निसटून फटीतून झाकणाच्या आत! तासभर छिन्नी मारत बसलो.

उतरताना तात्या म्हणाले, "बघितलंस ना, स्क्रू किती मजबूत होते?"

*

दादरच्या एका सोसायटीत नवी लिफ्ट बंद पडली, म्हणून आम्हाला बोलावलं. ती उघडायला कंपनीचंच यंत्र लागतं, पासवर्डही कंपनीचाच. कंपनीची इंजिनियर मुलगी आली आणि नम्रपणे म्हणाली, "काका, जरा तिकडे तोंड करता?"

तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मीही केलं. मला सवय होती.

मग तात्या तापले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, की सगळ्या लिफ्टना यंत्र जोडायचा एकच प्लग हवा, कुठलीही लिफ्ट कुठल्याही मिस्त्रीला उघडता यायला हवी. सेक्रेटरीबाईंनी हळूच विचारलं, "आणि तुमचे ते तिकोनी स्क्रू?"

"ती कला आहे," तात्या म्हणाले आणि खाली बसले.

मीटिंगला आलेली ती इंजिनियर मुलगी एवढंच म्हणाली, की हे शोधायला आमच्या माणसांची वर्षं गेली, फुकट कसं वाटायचं?  परतताना तात्या म्हणाले, "पोरगी खोटं नाही बोलली."

*

परवा गिरगावच्या एका जुन्या लिफ्टचा ब्रेक आला. तो बसला नाही तर लिफ्ट भंगारात, आणि तिच्या जागी पासवर्डवाली. तात्यांचा हात आता कापतो. दोनदा पाना सुटला. पाव फेऱ्याची वेळ आली, तसा मी सवयीने भिंतीकडे फिरलो.

"इकडे फिर," तात्या म्हणाले. "शिकून घे. नाहीतर माझ्याबरोबर जाईल."

पाना माझ्या हातात दिला. त्यांनी सांगायच्या आधीच मी एकेक गोष्ट करत गेलो. सगळं बरोबर. फक्त शेवटचा पाव फेरा उलट्या बाजूला दिला.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे.

"पाटीत उलटं दिसतं, बबन्या."

मी फेरा सुलट दिला. ब्रेक बसला. तात्या उठले, चिंचेचा गोळा घेतला आणि पाटी घासायला लागले. सकाळी एकदा घासून झाली होती.